रकाना पुसला, नकाशा राहिला

परवा ऑफिसात एका गृहकर्जाच्या प्रोजेक्टचं काम चालू होतं. क्लायंट अमेरिकेतला. अर्जदाराची माहिती घ्यायची आणि तो कर्ज बुडवेल का, याचा अंदाज आकड्यात द्यायचा. टीममध्ये नव्यानेच आलेल्या मुलाला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "वंशाचा कॉलमच ठेवला नाहीये आपण. भेदभाव होणारच कसा?"

तो म्हणाला, "पण झिप कोड आहे ना?"

च्यायला! बोलतीच बंद. झिप कोड म्हणजे तिकडचा पिनकोड. त्याने काय बिघडतं हे शोधता शोधता माझा अख्खा शनिवार गेला.

तर झालं असं. महामंदीत लोकांची घरं वाचवायला अमेरिकन सरकारने १९३३ मध्ये एक महामंडळ काढलं. त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे धोका. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सगळ्या लाल! (रिचमंड विद्यापीठाने हे नकाशे नेटवर ठेवलेत, जरूर बघा.) १९३४ मध्ये गृहकर्जाला सरकारी हमी देणारी एफएचए आली. तिच्या नियमपुस्तकातच वस्तीत वेगळ्या वंशाचे लोक येणं ही जोखीम धरली होती. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४९ साली आठ हजार डॉलरच्या आत नवं घर मिळायचं, पण बिल्डर ते फक्त गोऱ्यांना विकायचा.

१९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घरांच्या व्यवहारातला वंशभेद कायद्याने बंद झाला. रकाना पुसला गेला. पण घरं जागची हलली नाहीत. ज्याच्या आजोबांनी घर घेतलं, त्या घराची किंमत वाढली, त्यावर मुलांची कॉलेजं झाली, उरलं ते नातवंडांना मिळालं. ज्यांना घर घेताच आलं नाही, त्यांच्या नातवंडांना काय मिळालं? भाड्याच्या पावत्या! त्यात तिकडे शाळांच्या खर्चाचा मोठा हिस्सा स्थानिक घरपट्टीतून येतो. घरं स्वस्त, तर शाळाही गरीब.

आता जरा आपल्याकडे बघू. ऑनसाइट गेलेला आपला मित्र घर शोधताना पहिलं काय विचारतो? "स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला आहे ना?" त्यात त्याची काही चूक नाही, मीही तेच विचारीन. पण ज्या नागरी हक्क चळवळीने ६८ चा कायदा आणला, तिच्याच लाटेत १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाला आणि आपल्या लोकांना दार उघडलं. तेव्हा 'आमचा काय संबंध' म्हणायची सोय नाही.

"आजोबांच्या चुकीची शिक्षा नातवाला का?" असं बरेच जण म्हणतात. शिक्षा कशाला? जुनी सिस्टीम आपण लिहिलेली नसते, तरी मेंटेनन्स आपल्याकडेच येतो की नाही? बग मात्र जिथे आहे तिथेच दुरुस्त करावा लागतो. घर नाकारलं होतं, तर घरासाठी मदत द्या. इलिनॉयमधल्या एव्हान्स्टन शहराने २०२१ मध्ये जुन्या कृष्णवर्णीय रहिवाशांना आणि त्यांच्या वारसांना घरासाठी २५ हजार डॉलरपर्यंत द्यायचं ठरवलं. शाळेचा पैसा घरपट्टीवर अडतो, तर राज्याने तो भरून काढावा. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच गरीब शहरांमधल्या शाळांसाठी तसं बजावलं होतं.

आणि आमच्या टेबलाचं काय? तिकडच्या मोठ्या बँकांना गृहकर्जाच्या अर्जदारांचा वंश नोंदवून सरकारला कळवावा लागतोच, कुणाला डावललं जातंय का ते तपासता यावं म्हणून. म्हणजे निर्णय घेताना तो रकाना नको, पण निकाल तपासताना हवाच. मी नेमका उलटा विचार करत होतो. डोळे मिटले की आपण निःपक्षपाती झालो!

असो. सोमवारी क्लायंटला मेल टाकणार आहे, नाकारलेल्या अर्जांची वंशनिहाय तपासणी करू म्हणून. तारीख पुढे जाईल, मॅनेजर वैतागेल. बघू.