वर्गणी कोणाची, संगणक कोणाचा?

एकाच संगणकावर महाविद्यालयाचे खाते आणि घरचे खाते अशी दोन बिऱ्हाडे कशी नांदवावीत, हा विषय निघाला की स्टाफ रूममधला कोणी तंत्रकुशल सहकारी पुढे सरसावतो. ‘त्यात काय, ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल करा, एकाला निळा रंग द्या, एकाला हिरवा, झाले!’ सल्ला खोटा नाही. आम्ही तिघे, एक उल्हासनगरचे, एक अंबरनाथचे आणि एक बदलापूरचे, तिघेही मराठी शिकवणारे, तो पाळतोही. पण हा प्रश्न रंगांनी सुटतो असे मानणे ही पळवाट आहे, आणि तिचा लाभ ज्यांना होतो ते सोयीस्कर मौन पाळून आहेत, असे आमचे मत आहे.

आधी स्वतःची झाडाझडती. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या पट्ट्यात घरचे सॉफ्टवेअर आणि कामाचे सॉफ्टवेअर असा भेदच नव्हता, कारण दोन्ही बहुधा चोरीचेच असे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद सर्वांनी ऐकलेला आहे. पण त्या विनोदाला खळखळून हसणारे पांढरपेशे प्राध्यापक संगणक घ्यायला गेले की ‘सगळे भरून द्या’ एवढेच दुकानदाराला सांगत, हे कोणी सांगत नाही. आम्ही त्यांतलेच. तेव्हा नीतीच्या उंच आसनावरून आम्ही हे लिहीत नाही.

मग वर्गणीचे युग आले. ऑफिस ३६५ २०११ साली निघाले. अडोबीने २०१३ साली आपल्या मुख्य प्रणालींच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीने देण्याचे जाहीर केले. ‘वर्गणी’ हा शब्द आम्हा मराठीवाल्यांच्या जिव्हाळ्याचा. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले, तरी त्याचे अंक आमच्यापैकी एकाच्या वडिलांच्या कपाटात आजही आहेत. कोणी येऊन कपाटाला कुलूप लावलेले नाही. सॉफ्टवेअरची वर्गणी संपली की मात्र आपणच लिहिलेला मजकूर समोर दिसतो, वाचता येतो, पण त्यातली एक वेलांटीही बदलता येत नाही. ही वर्गणी नव्हे, हे भाडे आहे. आणि भाडे म्हटले की घर कोणाचे, हा प्रश्न आलाच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि महाविद्यालय आमच्या घरात शिरले. संगणक आमचा, वीज आमची, इंटरनेटचे बिल आमचे; संस्थेने दिले ते एक खाते. टाळेबंदी उठली, खाते मात्र घरातच राहिले. आज नॅकची माहिती, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, प्रश्नपत्रिकेचा कच्चा खर्डा हे सारे त्याच संगणकावर होते, जिच्यावर घरची मुले अभ्यास करतात आणि गॅसच्या नोंदणीपासून आयकरापर्यंतचे व्यवहार चालतात त्या यंत्रावर. विंडोजमध्ये संस्थेचे खाते जोडताना एक चौकट येते: आपल्या संस्थेला हे यंत्र व्यवस्थापित करू द्यायचे का? होकाराची खूण बऱ्याचदा आधीच केलेली असते. घाईत आपण ‘ठीक’ म्हणतो. संस्थेकडे तशी यंत्रणा असेल, तर आपल्या पैशांनी घेतलेल्या यंत्राचे नियम दुसऱ्याने ठरवण्याची वाट तिथेच मोकळी होते. ‘फक्त या ॲपपुरतेच’ असा पर्यायही त्या चौकटीत असतो, पण लहान अक्षरांत, एका कडेला. आमच्यापैकी दोघांना तो दिसलाच नव्हता.

उलट बाजूही आहेच. कार्यालयाचे पत्र तयार करायला आम्ही घरगुती वापरासाठी घेतलेली वर्गणी वापरतो. ती त्या अटींत बसते का, हे प्राचार्यांनी कधी विचारलेले नाही. विचारले, तर उत्तरासोबत बिलही द्यावे लागेल.

आता खरे दुखणे. आमची एक सहकारी तासिका तत्त्वावर शिकवत असे. बदलापूर-अंबरनाथच्या आसपासच्या आगरी गावांत लग्नातले धवले गाणाऱ्या धवलारिणींच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण तिने चार उन्हाळे हिंडून केले होते. संशोधन तिचे, एसटीचे आणि रिक्षाचे पैसे तिचे. घरच्या खात्यातली फुकटची १५ जीबी जागा भरली, म्हणून तिने ते सारे महाविद्यालयाच्या खात्यात ठेवले. सत्र संपले, नेमणूक संपली, खाते बंद झाले. कोणी तिला कळवले नाही, कारण कळवणे हे कोणाचेच काम नव्हते. गूगलच्या संस्थात्मक सेवेत पुसलेले खाते व्यवस्थापकाला वीस दिवसांपर्यंत परत आणता येते, मायक्रोसॉफ्टच्या सेवेत साधारण तीस. तिच्या लक्षात आले ते दोन महिन्यांनी. मोबाइलमध्ये उरलेले अकरा तुकडे सोडले तर बाकी गेले. यात दुष्टावा कोणाचाच नाही. लिपिकाने यादीतले एक नाव काढले, इतकेच.

‘तिने खाजगी सामग्री तिथे ठेवायलाच नको होती,’ हे उत्तर आम्हाला ऐकवण्यात आले. अहो, पण संशोधन ही प्राध्यापकाची खाजगी गोष्ट कधीपासून झाली? पदोन्नतीच्या तक्त्यात त्याचे गुण मोजता, संस्थेच्या अहवालात ते छापता, आणि जागा द्यायची वेळ आली की ते घरचे! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की नोकरीच्या करारान्वये, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला स्वामी, वेगळा करार नसेल तर, मालक असतो. म्हणजे मालकी सांगायची झाली तर कायदा हाताशी. जबाबदारी घ्यायची झाली तर प्रोफाइलचा रंग निळा की हिरवा, याची चौकशी.

अर्थात संस्थांच्या जागेवर आम्हीही कमी डल्ला मारलेला नाही. शिक्षणसंस्थांना गूगल अमर्याद साठवण देत असे, त्या काळात कितीकांनी बारशापासून मुंजीपर्यंतच्या चित्रफिती तिथे कोंबल्या. २०२१ मध्ये नवे धोरण जाहीर झाले आणि २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबीची मूळ मर्यादा आली, तेव्हा धावपळ उडाली ती काही संशोधनासाठी नव्हे.

लिब्रेऑफिस विनामूल्य आहे, त्याला मराठी तोंडवळाही आहे, ते वापरा, असे सुचवले जाते. वापरतो. परंतु वरून येणारे तक्ते वर्डमध्येच भरून मागतात आणि आमच्याकडून गेलेल्या तक्त्याची रेघ हलली की तो परत येतो.

म्हणून आपापल्या प्राचार्यांना द्यायला आम्ही एकच अर्ज तयार केला आहे. महाविद्यालयाच्या कामासाठी महाविद्यालयाचा संगणक, तासिका तत्त्वावरील शिक्षकांनाही. ते जमत नसेल तर आमच्या वर्गणीतला वाटा. आणि कोणाचेही खाते बंद करण्यापूर्वी नव्वद दिवसांची लेखी सूचना. मागण्या एवढ्याच. अर्ज महिनाभर पडून आहे, कारण तो संस्थेच्या खात्यातून पाठवावा की घरच्या, यावर आम्हा तिघांत अजून एकमत झालेले नाही.