संशोधक स्त्रीचा तनखा

स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना आपण धैर्याचे वर्णन मोठ्या हौसेने करतो आणि खर्चाचा हिशोब मात्र चरित्रांच्या तळटीपांत ढकलून देतो. लोकनिंदा कोणी सोसली, शेणमाती कोणी झेलली, समुद्रपर्यटनाबद्दल बहिष्काराची भीती कोणाला घातली गेली, हे शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते. परंतु त्या विदुषींच्या बोटीचे भाडे कोणी भरले, त्यांच्या वसतिगृहाची आणि खाणावळीची दरमहा तजवीज कोठून झाली, असे विचारले तर चांगला बहुश्रुत गृहस्थही क्षणभर थबकतो. पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधन ह्यांच्यापुरते बोलायचे तर हा दुर्लक्षित हिशोबच अधिक बोलका आहे. कारण प्राथमिक शाळेला घराची संमती पुष्कळदा पुरते, संशोधनाला मात्र पाच-सात वर्षे अखंड पुरणारा पैसा लागतो, आणि तो ज्याच्या हातून येतो त्याच्या मर्जीवर संशोधन करणारीचे स्वातंत्र्य अवलंबून राहते.

इरावती कर्व्यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२८ मध्ये जो समाजशास्त्रीय प्रबंध पुरा केला, त्या अभ्यासासाठी त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली होती. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली, पहिल्या बाजीरावाच्या काळात पुण्यास आलेली आणि पेशवाईत दर श्रावणमासी शास्त्री-वैदिकांना वाटली जाणारी ती दक्षिणा पेशवाई बुडाल्यावरही बुडाली नाही. एल्फिन्स्टनने तिच्यातला काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला, १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच फंडातून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना बक्षिसे द्यावीत असा अर्ज केला, त्यावर सनातनी मंडळी खवळली असता जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले, आणि पुढे फंडाची रक्कम पदवीधरांच्या फेलोशिपांकडेही गेली, ज्यांचा लाभ तरुण महादेव गोविंद रानड्यांनाही झाला. वेदविद्येच्या नावाने ब्राह्मण पुरुषांना मिळणारे द्रव्य शतकाभराच्या अवधीत अखेर एका स्त्रीच्या संशोधनाच्या कामी आले. ह्या प्रवासातले एकही वळण आपोआप आलेले नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी अर्ज केला, कोणीतरी कडाडून विरोध केला, आणि सरकारदरबारी हुकूम निघाला तेव्हाच पैशाने दिशा बदलली.

प्रबंध पुरा झाला त्याच वर्षी, १९२८ मध्ये, इरावतीबाई बर्लिनला गेल्या, तेव्हा मात्र हिशोब निराळा झाला. ज्या महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढले, त्यांना सुनेचा हा परदेशगमनाचा बेत पसंत नव्हता. पती दिनकरराव ठाम राहिले, डॉ. जीवराज मेहता ह्यांच्याकडून कर्ज मिळाले, आणि १९३० मध्ये इरावतीबाई डॉक्टरेट घेऊन परत आल्या. म्हणजे पतीची सहानुभूती आणि एका थोर स्नेह्याची पत ह्या दोन गोष्टी जुळून आल्या म्हणून हे घडले. ज्या स्त्रीचा पती उदासीन आहे आणि जिच्या ओळखीत कर्ज देऊ शकणारा कोणी नाही, तिच्या बुद्धीचे पुढे काय होते ह्याची नोंद कोणत्याही चरित्रात सापडत नाही, कारण तिचे चरित्र कोणी लिहीत नाही.

कर्जाचा मार्ग मुळात हीन आहे असे मी म्हणणार नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी स्थापिला तो परतफेडीच्या तत्त्वावरच उभा होता, आणि त्याच्या पहिल्या लाभार्थींत फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर ह्या दोन स्त्री-डॉक्टर होत्या, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने अभिमानास्पद आहे. परतफेडीच्या कर्जात उपकाराचे ओझे राहत नाही, हाही त्याचा गुण. परंतु विलायतेहून परतलेल्या डॉक्टरणीला मिळकतीचा भरवसा होता. मोडी दप्तरे वाचणाऱ्या किंवा पश्चिम घाटातील शेवाळांचा अभ्यास करणाऱ्या मुलीला तो नाही, आणि अविवाहित मुलीच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज असले की लग्नाच्या बोलणीत त्याची चर्चा दागिन्यांच्या आधी होते, हे आपण सारे जाणतो. संशोधनाला तनखाच हवा. दरमहा, ठरल्या तारखेला, तिच्या स्वतःच्या खात्यावर.

आजची स्थिती पाहता मुलींच्या इच्छेविषयी शंका घेण्यास जागा उरलेली नाही. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार देशात पीएच.डी.साठी नोंदलेल्या सुमारे २ लाख १२ हजार विद्यार्थ्यांत ९८ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. असे असून प्रत्यक्ष संशोधनकार्यात असलेल्या शास्त्रज्ञांत मात्र स्त्रियांचा वाटा पाचव्या हिश्श्याइतकाही भरत नाही. मधल्या गळतीची कारणे अनेक असतील, पण पैशाचे कारण दप्तरात शोधता येते आणि हुकमाने दूर करता येते, म्हणून मी त्यापुरतेच लिहितो.

नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार रुपये मिळतात. रक्कम प्रतिष्ठेची आहे, पण मिळविणारे थोडे. केंद्रीय विद्यापीठांत नेटविना संशोधन करणाऱ्यांसाठी २०१२ मध्ये ठरलेले ८ हजार रुपये इतक्या महागाईनंतरही तेवढेच राहिले, आणि आपल्या राज्य विद्यापीठांतील बहुसंख्य मुलींना तेही नाहीत; त्या तासिका तत्त्वावर शिकवून गाईडच्या भेटीचे एसटीभाडे काढतात. बार्टी, सारथी आणि महाज्योती ह्या संस्थांच्या फेलोशिपांनी राज्यात मोठे काम केले हे निःसंशय, परंतु ती हक्काची रक्कम मिळविण्यासाठी विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावे लागले, आणि २०२३ च्या डिसेंबरात विधिमंडळात हा विषय निघाला असता पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, अशा आशयाचा उद्गार तत्कालीन एका उपमुख्यमंत्र्यांच्या तोंडून निघाला. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींची फी माफ झाली, ती उत्तम गोष्ट. संशोधनात मात्र फी हा खर्चाचा लहानसा भाग असतो.

एकुलत्या एका कन्येसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची सावित्रीबाईंच्या नावाची फेलोशिप आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला. तरी बहीण-भाऊ नसणे ही संशोधनाची पात्रता कशी होते हे मला उमगलेले नाही. दोन मुलींच्या शेतकरी बापाची धाकटी मुलगी अधिक गरजू असू शकते, अधिक हुशारही.

खरी अडचण नियमांच्या सांध्यांत आहे. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे ठरवून स्त्रियांना आणखी दोन वर्षे दिली, प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही दिली. फेलोशिपची मुदत मात्र एकंदर पाच वर्षांचीच राहिली. ज्या दोन वर्षांत घरात तान्हे मूल असते, खर्च वाढलेला असतो आणि प्रबंध लिहून व्हायचा असतो, नेमक्या त्याच दोन वर्षांची सवलत बिनपैशाची आहे. शिवाय अनेक योजनांत कौटुंबिक उत्पन्नाचा दाखला लागतो. मुलगी अविवाहित असता बापाचे आणि विवाहित असता नवऱ्याचे उत्पन्न तिचे गणले जाते; तहसील कचेरीच्या कागदावर ती सधन ठरते, आणि घरी वाचनालयाच्या वर्गणीसाठी हात पसरते. त्यातून लग्नानंतर नाव बदललेले, आधारावर एक, पदवीवर दुसरे आणि बँकेत तिसरेच, म्हणजे हप्ता अडकण्यास एवढे निमित्त पुरे.

आणि हप्ता अडकला की पुरुष संशोधकाची ओढाताण होते, स्त्री संशोधकाची बहुधा घरवापसी होते. सहा महिने पैसे आले नाहीत तर मुलगा मित्राच्या खोलीवर पथारी टाकतो, उसनवारी करतो. मुलीचे वसतिगृहाचे भाडे थकले की घरून निरोप येतो, की आता पुरे झाले. ज्यांना तिला परत आणायचेच होते त्यांना सरकारी दिरंगाईने आयते कारण मिळते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून, खंड पडलेल्या स्त्रियांना पुन्हा प्रयोगशाळेत आणण्याची योजना चालविली आहे आणि तिचे मोल मोठे आहे; तरी ती विज्ञानापुरती, आणि खंड पडल्यानंतरची.

म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी स्वरूपाची आहे. फेलोशिपचा मंजुरी-आदेश निघालेल्या प्रत्येक विद्यार्थिनीस, हप्ता येईपर्यंत, विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून दरमहा उचल द्यावी आणि मूळ रक्कम जमा होताच ती वळती करून घ्यावी. ह्यात दान नाही, नवी योजना नाही, बुडीत जाण्याचा धोकाही फारसा नाही, कारण देणेकरी सरकार आहे. राज्यातील जुन्या विद्यापीठांच्या मुदत ठेवी अशा फिरत्या निधीस सहज पुरतील. लेखापरीक्षक आक्षेप घेतील हे उघड आहे. तो टाळण्यासाठी व्यवस्थापन परिषदेचा ठराव आणि अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष एवढेच लागेल. अधिसभेची अर्थसंकल्पीय बैठक मार्चमध्ये भरते, आणि पदवीधरांच्या मतांवर निवडून आलेले सदस्य तिथे असतात. त्यांच्यापैकी कोणी हे लेखाशीर्ष सुचविले, तर विरोध कोण करतो आणि कोणत्या कारणासाठी, हे निदान इतिवृत्तात नोंदले जाईल.