मधुमेहाची राखण

मधुमेह हा शहरांतील बैठ्या लोकांचा रोग, ही समजूत आतां खेड्यानें सोडून दिली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. प्रौढांपैकीं शहरांत शेंकडा १६.४ व ग्रामीण भागांत शेंकडा ८.९ जणांस हा विकार असल्याचें त्यांत आढळलें. हजार प्रौढांच्या गांवांत, सरासरीनें, हे सुमारें नव्वद लोक होतात.

दवाखान्याशीं आमचा संबंध मात्र जुन्याच रीतीचा आहे. दृष्टि अंधुक झाली, पायाची जखम चिघळली, कीं तालुक्यास धांव घ्यावयाची. बरें वाटलें कीं गोळ्या बंद करावयाच्या. मधुमेहांत ही रीत घातक होय. रक्तांतील साखर वाढत असतां वर्षानुवर्षें कांहींच दुखत नाहीं, आणि तेवढ्या अवधींत डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडें व पायांचे मज्जातंतू बिघडत जातात. मुळाशीं लागलेली हुमणी पान पिवळें पडेपर्यंत दिसत नाहीं, तसाच हा प्रकार.

कोणी म्हणेल, हें काम डॉक्टरांचें आहे. पण हिशेब करून पाहावा. वर्षाचे तास ८,७६०. दर तीन महिन्यांनीं पाव तास डॉक्टरांस दाखविलें, तर वर्षांत एक तास भरतो. उरलेले ८,७५९ तास राखण रोग्यानें व त्याच्या घरच्यांनींच करावयाची आहे. बोस्टनचे डॉक्टर इलियट जॉस्लिन यांनीं वैद्य व रोगी या दोघांच्याही उपयोगाची मधुमेह-पुस्तिका १९१८ सालीं काढली. टोरांटो येथें इन्सुलिनचा शोध लागला तो १९२१ सालीं. औषध हातीं नसतांही शिक्षणाची गरज त्यांस पटली होती. आपण औषध हातीं असून शिक्षण टाकलें आहे.

शिकावयाचें तें फार नाहीं. तीन ते सहा महिन्यांनीं ‘एचबीए१सी’ ही तपासणी करून मागील दोनतीन महिन्यांची सरासरी साखर जाणावी. बहुतेकांस ती शेंकडा ७ च्या खालीं असावी. वर्षांतून एकदां डोळे, लघवी व पाय तपासून घ्यावे. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीं पोटीं शेतकामास जाऊं नये. घाम सुटून हात कापूं लागल्यास तीन चमचे साखर तत्काळ खावी. त्यासाठीं साखरेची पुडी नित्य जवळ बाळगावी. एरवीं मात्र साखर टाळून गूळ खाणें व्यर्थ आहे. आपल्या गुऱ्हाळांतला झाला तरी गूळ ही साखरच. बधिर पायास धसकट लागलेलें कळत नाहीं. यास्तव शेतांत अनवाणी फिरूं नये व रोज सायंकाळीं तळवे न्याहाळावे.

आमची सूचना अशी कीं, खतांचे व पिकांचे वर्ग भरविणाऱ्या शेतकरी संघांनीं खरिपाची पेरणी उरकल्यावर आरोग्य उपकेंद्रांतील परिचारिकेस व आशा कार्यकर्तीस बोलावून अर्ध्या दिवसाचा मधुमेह-वर्ग घ्यावा. त्यांत घरच्या स्त्रियांस अवश्य बसवावें; ताटांत भात किती व भाकरी किती, हें चुलीपाशीं ठरतें, आणि हा रोग त्यांसही सोडीत नाहीं.

माती तपासून खत देणारा शेतकरी रक्त न तपासतां गोळी घेतो वा टाकतो, ही विसंगति मोडली पाहिजे. धनीच आंधळा वा पांगळा झाला, तर शेताची राखण कोणीं करावी?