प्रतिनिधी नेमता येत नाही

राजकीय पक्षाचे अधिवेशन भरले की मंडपाची भव्यता, भोजनाची व्यवस्था आणि नेत्यांची आगमने यांची वर्णने रकानेच्या रकाने छापली जातात. मंडपात बसलेला प्रतिनिधी कोणाच्या मताने तेथे आला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः अधिवेशनाचा निर्णय व्यासपीठावर होत नाही. प्रतिनिधींची यादी ज्याच्या हाती, त्याने तो आधीच करून ठेवलेला असतो.

हे सत्य महाराष्ट्राला फार पूर्वी कळले आहे. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपूरला भरायचे ठरले होते. तेथे टिळकपक्षाचे बळ मोठे. यजमान प्रांताचे प्रतिनिधी संख्येने सर्वांत अधिक असत, म्हणून नेमस्तांनी अधिवेशनाची जागाच बदलून ते सुरतेला नेले. पुढचा गोंधळ सर्वश्रुत आहे. परंतु त्यानंतर जे घडले ते अधिक बोधप्रद होते. १९०८ च्या घटनेने प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मान्यताप्राप्त संस्थांपुरता मर्यादित केला आणि टिळकांच्या अनुयायांना दार बंद झाले. १९१५ च्या मुंबई अधिवेशनात तो नियम सैल झाला, तेव्हा कोठे १९१६ साली लखनौला ते परत येऊ शकले. विचारांचा वाद विचाराने मिटला नाही. एका नियमाने माणसे बाहेर गेली, दुसऱ्या नियमाने आत आली.

गांधीजींनी हे मर्म ओळखले होते. १९२० च्या नागपूर अधिवेशनात त्यांच्या पुढाकाराने जी घटना संमत झाली, तिने दर पन्नास हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी हे प्रमाण ठरविले आणि चार आणे वर्गणी भरणाऱ्या सामान्य सभासदाला संघटनेचा पाया मानले. अशा निवडलेल्या प्रतिनिधींतच एवढी धमक असते की, १९३९ साली त्यांनी खुद्द गांधीजींच्या पसंतीच्या पट्टाभि सीतारामय्या यांच्याविरुद्ध सुभाषबाबूंना १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी अध्यक्ष केले. त्रिपुरीच्या ठरावाने त्या कौलाचे पुढे काय केले, हा वेगळा आणि दुःखद अध्याय आहे. पण कौल देण्याची ताकद त्या प्रतिनिधींत होती, हे कोणी नाकारू शकणार नाही.

आज काय दिसते? १९९२ साली तिरुपतीला काँग्रेस कार्यकारिणीची निवडणूक झाली. निवडून आलेल्यांत दलित, आदिवासी वा स्त्री नाही, या कारणास्तव राजीनामे घेतले गेले आणि नेमणुकीचा मार्ग पुन्हा खुला झाला. कारण रास्त होते. त्यावरचा उपाय राखीव जागांचा होता, निवडणूक मोडण्याचा नव्हता. २०२२ साली अध्यक्षपदासाठी खरी लढत झाली. खर्गे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मते पडली. ही गोष्ट स्वागतार्हच. तथापि मतदार प्रतिनिधींची यादी जाहीर करा, एवढ्या साध्या मागणीवरून पक्षात वाद व्हावा, यातच सारे आले. भारतीय जनता पक्षात २०२० साली अध्यक्ष बिनविरोध झाला. आपण डाव्यांनीही फार ताठ मानेने बोलू नये. २०२५ साली मदुराईच्या मार्क्सवादी पक्षाच्या महाधिवेशनात अधिकृत यादीबाहेर उभे राहिलेले महाराष्ट्रातील कामगार नेते डी. एल. कराड पराभूत झाले. पराभव ही लोकशाहीतील नेहमीची बाब आहे. एक माणूस उभा राहिला याचीच बातमी व्हावी, हे मात्र लक्षण चांगले नव्हे.

निवडणुकीने गटबाजी वाढते, पैसा शिरतो, म्हणून नेमणूक बरी, असा युक्तिवाद केला जातो. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला तो उलटा वाटतो. एकच धनिक जेव्हा शेकडो बोगस सभासदांची वर्गणी स्वतःच्या खिशातून भरतो, तेव्हा ती वर्गणी नसते, भांडवल असते. त्यावरचा नफा म्हणजे त्याच्या मुठीतले प्रतिनिधी. नेमणुकीने हा बाजार बंद होत नाही. अनेक लहान मक्तेदारांच्या जागी एक मोठा मक्तेदार येतो, एवढेच. रोग मतदानाचा नाही, खोट्या सभासदत्वाचा आहे.

आणि नेमणुकीची किंमत पक्षालाच मोजावी लागते. १९७१ च्या सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्ष कोणाचा हे ठरविताना बहुमताची कसोटी मान्य केली. विधिमंडळांबरोबर संघटनेतील बहुमतही तेव्हा मोजले गेले होते. १७ फेब्रुवारी २०२३ च्या शिवसेनेसंबंधीच्या निर्णयात मात्र निवडणूक आयोगाने संघटनेचे बहुमत मोजण्यास नकार दिला. पदाधिकारी निवडलेले नव्हते, नेमलेले होते. तेव्हा त्यांचे मत मोजायचे कशाला? उरले आमदार-खासदार, आणि नाव व चिन्ह त्यांच्यामागे गेले. आयोगाच्या निर्णयाशी कोणी सहमत असो वा नसो, आमदारांचे पक्षांतर पक्षाचेच स्थलांतर ठरू शकले, कारण त्याला अडविणारा निवडून आलेला प्रतिनिधी जागेवर नव्हता. गावोगाव झेंडा वाहणारा शाखेतला कार्यकर्ता हिशेबातच धरला गेला नाही. हा धडा ताजा असताना, त्याच महिन्यात, रायपूरला काँग्रेसने कार्यकारिणीची निवडणूक न घेता नेमणुकीचा अधिकार अध्यक्षाकडे सोपविला!

म्हणून आपल्या चळवळीने प्रथम स्वतःकडून आणि मग इतरांकडून चार गोष्टींची मागणी करावी. प्रत्येक सभासदाने स्वतःची वर्गणी स्वतः भरावी आणि सभासदांची यादी शाखेत उघडी असावी. प्रतिनिधी गुप्त मतदानाने, पक्षपदावर नसलेल्या निरीक्षकासमोर निवडावेत. प्रतिनिधींची संपूर्ण यादी अधिवेशनापूर्वी एक महिना छापावी. नेमलेल्या सदस्यांना बोलण्याचा अधिकार असावा, मताचा नसावा.

यांपैकी एकाही गोष्टीला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या शाखासभेत ती सुरू करता येईल. देशात लोकशाही मागणाऱ्यांनी ती आपल्या मंडपात नाकारली, तर लोकांनी त्यांच्यावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा?