चुलीची परीक्षा स्वयंपाकघरात व्हावी

कापसाची वेचणी संपली की जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीपासून भोकरदन-जाफराबादपर्यंत अंगणाअंगणांत पऱ्हाट्यांचे ढीग रचले जातात. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने देशातील कोट्यवधी घरांत गॅस पोहोचविला, ही निःसंशय मोठी कामगिरी आहे. तथापि सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च आणि दारातले फुकटचे सरपण यांच्या ओढाताणीत अनेक घरांतील भाकरी आजही चुलीवरच भाजली जाते. तिचा धूर माउलीच्या डोळ्यांत आणि तिच्या कडेवरील लेकराच्या छातीत जातो.

चूल सुधारण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक सुधारित चुली वाटल्या गेल्या. २००२ मध्ये केंद्राने त्यातून अंग काढून घेतले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ संस्थेने या क्षेत्रात मोलाचे स्वदेशी संशोधन केले. तरीही गावोगावी जुनीच चूल का पेटते?

याचे एक उत्तर चुलीच्या परीक्षेत दडले आहे. प्रयोगशाळेत एकसारखे कापलेले, वाळविलेले लाकूड तोलून जाळतात, ठरावीक पाणी तापवितात आणि किती उष्णता भांड्याला पोहोचली ते काढतात. तीन दगडांच्या चुलीत ती जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास भरते. भारतीय मानक ब्युरोच्या २०१३च्या मानकानुसार साध्या सुधारित चुलीसाठी किमान २५ आणि पंख्याच्या चुलीसाठी ३५ टक्के कार्यक्षमता आवश्यक ठरली. कार्बन मोनॉक्साइड व धूलिकणांवरही मर्यादा आली. हे योग्यच झाले, कारण सरपणाची बचत म्हणजे धुराची घट नव्हे. भांडे ज्वाळेच्या फार जवळ आणले तर उष्णता वाचते, पण ज्वाळा गुदमरून विषारी वायू आणि काजळी वाढते.

परंतु जालन्याच्या गृहिणीला केवळ पाणी उकळायचे नसते. तिला तवा सर्वत्र सारखा तापायला हवा, भाकरी शेकायला आर हवा. तिचे सरपण भुरकन जळणाऱ्या पऱ्हाट्यांचे, पावसाळ्यात ओलसर गोवऱ्यांचे. ओडिशातील काही वर्षांच्या पाहणीत असे आढळले, की सुधारित चुलींमुळे पहिल्या वर्षी कमी झालेला धुराचा त्रास पुढे पूर्ववत झाला. वापर आणि देखभाल दोन्ही ढासळली होती. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेली चूल अशी घरात नापास होते.

म्हणून मराठवाड्यात देण्यात येणारी प्रत्येक चूल येथल्याच सरपणावर, येथल्याच भाकरीसाठी तपासली जावी आणि वर्षभरानंतर पुन्हा तपासली जावी. परभणीचे कृषी विद्यापीठ व कृषी विज्ञान केंद्रे यांनी हे दायित्व स्वीकारावे. ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही तराजू घेऊन दहा घरांतले सरपण जुन्या व नव्या चुलीवर आठवडाभर तोलून पाहावे, आणि मुख्य म्हणजे घरच्या माउलीला विचारावे. अन्नपूर्णेचा गौरव आपण शब्दांनी पुष्कळ केला. आता तिच्या डोळ्यांतले पाणी थांबविणे, हीच तिची खरी पूजा होय.