विहाराचा कारभार आणि उपासकांचे शिक्षण

पुरोहिताला निरोप देणाऱ्या प्रत्येक समाजापुढे एक प्रश्न तत्काळ उभा राहतो. पुरोहित जी कामे करीत होता, ती यापुढे कोणी करावयाची? विवाह कोणी लावावयाचा, मृताला अखेरचा निरोप कोणी द्यावयाचा, मुलांना धम्म कोणी शिकवावयाचा, आणि विहाराची जागा, वर्गणी व हिशेब कोणी सांभाळावयाचा? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या नवदीक्षित कुटुंबांनी बऱ्याच अंशी दिली आहेत. बौद्धाचार्य तयार झाले, श्रामणेर शिबिरे भरू लागली, वर्षावासात ग्रंथवाचन होऊ लागले. चौथ्या प्रश्नाकडे मात्र आपण आजही धर्माबाहेरची बाब म्हणून पाहतो. माझ्या मते तो धर्माचाच प्रश्न आहे. विहार चालविण्याचे शिक्षण घरोघरच्या उपासक-उपासिकांना मिळाले नाही, तर गेलेला पुरोहित चिटणिसाचा वेष घेऊन परत आल्यावाचून राहणार नाही.

ही अडचण एकट्या आपल्याच वाट्याला आली आहे, असे नाही. ज्या धर्मसंस्थांनी वरून आज्ञा देणारा अधिकारी नाकारला, त्या सर्वांना तिला तोंड द्यावे लागले आहे. अमेरिकेतील युनिटेरियन पंथाचा दाखला या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. हे उदारधर्मी लोक सभासदावर ठराविक मतसंहिता मान्य करण्याची अट घालीत नाहीत. त्यांच्या प्रत्येक मंडळीचा कारभार तिचे सभासदच मतदानाने चालवितात. धर्मोपदेशक निवडावयाचा तो सभासदांनी आणि अंदाजपत्रक मंजूर करावयाचे तेही सभासदांनीच. मंडळीच्या स्वायत्ततेची ही परंपरा न्यू इंग्लंडमधील प्युरिटन मंडळींनी १६४८ साली सिद्ध केलेल्या ‘केंब्रिज प्लॅटफॉर्म’ या दस्तऐवजापर्यंत मागे जाते. १८२५ साली या पंथाची मध्यवर्ती संस्था बोस्टन येथे स्थापन झाली, आणि १९६१ साली तिचे युनिव्हर्सालिस्ट पंथाशी एकीकरण झाले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९४८ साली या संस्थेने हाती घेतलेला उपक्रम. जेथे पगारी धर्मोपदेशक ठेवण्याची ऐपत नाही, तेथे दहा-बारा माणसांनीही एकत्र येऊन आपले उपासनामंडळ स्वतः चालवावे, अशी ती योजना होती. अशा मंडळांना ते ‘फेलोशिप’ म्हणत. मन्रो हस्बंड्स या गृहस्थांनी ठिकठिकाणी हिंडून ती उभी केली, आणि १९६७ पर्यंत अशी शेकडो मंडळे निघाली. त्यांचा अनुभव दुहेरी आहे. सामान्य शिक्षक, कारकून, गृहिणी यांनी प्रवचने केली, मुलांचे वर्ग चालविले, इमारती बांधल्या. माणसाला संधी व शिक्षण मिळाले की तो धर्मकार्य पेलू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु काही मंडळे संस्थापकांच्या मित्रपरिवारापुरतीच राहिली आणि नव्याने येणाऱ्याला तेथे जागा सापडेना. आज त्या संघटनेत सामान्य सभासदांसाठी नेतृत्वशिक्षणाचे वर्ग चालतात. सभा कशी चालवावी, मतभेद कसा हाताळावा, उपासना कशी घ्यावी, आपल्या पंथाचा इतिहास काय, हे सारे तेथे शिकविले जाते. नेतृत्व हा जन्मजात गुण मानून ते स्वस्थ बसले नाहीत.

या उदारधर्माचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. विठ्ठल रामजी शिंदे हे युनिटेरियनांच्या साहाय्याने १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षण घेऊन आले, प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले, आणि १९०६ साली त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. त्यांच्या राजकीय मतांविषयी आपले मतभेद आहेत. ते येथे उगाळण्याचे कारण नाही. परंतु १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाकडे विद्वान उपदेशकांची वाण नसताही तो शहरी सुशिक्षितांच्या लहानशा वर्तुळाबाहेर फारसा गेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. व्यासपीठावर एक शिकलेला आणि समोर शंभर ऐकणारे, एवढ्याने धर्म घरोघर रुजत नाही.

बाबासाहेबांना ही गोष्ट आधीच दिसलेली होती. १९५० साली महाबोधि सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी भिक्खू संघाच्या रचनेत बदल झाला पाहिजे, असे स्पष्ट बजावले. १९५४ साली ब्रह्मदेशातील बुद्ध शासन कौन्सिलला दिलेल्या निवेदनात ते आणखी पुढे गेले. धम्मशिक्षणाचे विद्यालय काढावे आणि गृहस्थी प्रचारक नेमावेत, त्यांनी गावोगाव जाऊन नवदीक्षितांची काळजी वाहावी, अशी ती मागणी होती. हे प्रचारक विवाहित असले तरी चालतील, पण त्यांना वेतन दिले पाहिजे, असेही त्यांनी त्यात सुचविले. १९५५ साली भारतीय बौद्ध महासभेची स्थापना झाली. १९५६ साली मुंबईत त्यांनी राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. राजकारणालाही शिक्षण लागते, असे ज्यांचे मत होते, त्यांनी धर्मकारण अशिक्षित हाती सोपविले असते काय? नियतीने त्यांना अवधी दिला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर दोन महिनेही लोटले नाहीत तोच ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. जे काम राहिले, ते आपल्यावर आले.

हे काम बौद्धांना परके आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील भाषणात बाबासाहेबांनी देशाला सांगितले, की बौद्ध भिक्खू संघ म्हणजे संसदाच होत्या. बैठकीची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सर्व नियम त्यांना ठाऊक होते. विनयपिटक उघडून पाहावे. संघापुढे प्रस्ताव मांडला जाई. कामाच्या महत्त्वाप्रमाणे तो एकदा अथवा तीनदा विचारला जाई. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, नसेल त्याने बोलावे, अशी रीत होती. मतभेद राहिलाच तर शलाका वाटून मते मोजीत. ही मोजणी कोणी करावी? जो छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी जात नाही, आणि कोणाचे मत घेतले व कोणाचे घेतले नाही हे ज्याला कळते, त्याने. भोजनाची वाटणी करणारा, निवासाची व्यवस्था पाहणारा, भांडार सांभाळणारा, हे सारे संघाने ठराव करून नेमलेले असत, आणि त्यांच्यासाठीही याच कसोट्या होत्या. तेथे कुळाची अट नव्हती, श्रीमंतीची नव्हती. भांडार सांभाळणाऱ्याची लायकी जेथे धर्मग्रंथात नमूद आहे, तेथे हिशेबाला धर्माबाहेरची बाब कोण म्हणेल?

आता आजची स्थिती पाहू. वकिलीच्या व्यवसायात विहारांचे व समाजमंदिरांचे तंटे माझ्यासमोर येतात. त्यांतील फारच थोड्यांचे मूळ तत्त्वात असते. बहुतेकांचे मूळ दप्तरात असते. वर्गणी सर्वांनी दिली, परंतु जागेच्या उताऱ्यावर नाव एकाचेच लागले. सभा झाली, परंतु इतिवृत्त लिहिले नाही. विश्वस्त बदलले, परंतु फेरफाराचा अहवाल धर्मादाय कार्यालयात गेलाच नाही, आणि पंधरा वर्षांनंतर कागदोपत्री विश्वस्त म्हणून मृतांचीच नावे उरली. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० पासून अस्तित्वात आहे. विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकावयाची तर त्या कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे ज्या वस्तीत कोणालाच ठाऊक नाही, त्या वस्तीची जागा एका सहीने जाऊ शकते. मग ती परत मिळविण्यासाठी मजुरी बुडवून तारखांना हेलपाटे घालावे लागतात.

याहून गंभीर गोष्ट अशी, की पिता अध्यक्ष होता म्हणून पुत्राने अध्यक्षपदावर हक्क सांगावा, आणि लोकांनी तो मुकाट्याने मान्य करावा, असे प्रकार घडतात. जन्माने मिळणारा अधिकार नाकारून आपण धर्मांतर केले. तोच अधिकार विहाराच्या दारातून आत घेतला, तर आपण सोडले काय?

काही बंधू म्हणतील, अन्यायाशी झुंजावयाचे असता इतिवृत्त आणि कीर्दवही घेऊन काय बसता? त्यांना माझे उत्तर असे, की ज्याला दहा घरांच्या सभेत उभे राहून हिशेब विचारता येत नाही, त्याला कचेरीत उभे राहून हक्क मागणे अवघडच जाणार. विहार ही निर्भयतेची पहिली शाळा आहे. दुसरे म्हणतील, पूज्य भन्ते आहेत, ते पाहून घेतील. भिक्खूंनी धम्म सांगावा; आपल्या वर्गणीच्या पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात अडकविणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

करावयाचे काम अवघड नाही. प्रत्येक विहाराने येत्या वर्षावासातील प्रत्येक पौर्णिमेला वंदनेनंतर एक तास या शिक्षणासाठी राखून ठेवावा. पहिल्या बैठकीत विहाराची घटना मोठ्याने वाचावी. ती नसेल तर तयार करण्याचा ठराव करावा. दुसरीत सभेची नोटीस, विषयपत्रिका, गणपूर्ती व इतिवृत्त शिकावे, तेही प्रत्यक्ष सभा चालवून. तिसरीत पावतीबुक, कीर्द व ताळेबंद समजून घ्यावा आणि वर्षाचा हिशेब विहाराच्या भिंतीवर लावावा. चौथीत मतभेद झाला असता काय बोलावे व काय बोलू नये, याचा अभ्यास करावा. दर बैठकीचे अध्यक्षस्थान निराळ्या घराकडे जावे. लागोपाठ दोन मुदतींहून अधिक काळ एकाच व्यक्तीने एक पद धारण करू नये, असा नियम घटनेत घालावा. पायउतार होणाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्याला शिकविणे हे त्याचे शेवटचे कर्तव्य मानावे.

आणि उपासिकांना वगळून यातील काहीही करू नये. वंदनेला सर्वांत आधी येतात त्या, घरखर्चातून पैसा वाचवून वर्गणी देतात त्या. विश्वस्तांच्या यादीत मात्र त्यांचे नाव शोधावे लागते. ज्या माउलीने महिन्याच्या अपुऱ्या मिळकतीत संसार ओढला, तिला विहाराचा हिशेब समजणार नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आपल्या गावच्या विहाराचे कागद कोठे आहेत, जागा कोणाच्या नावे आहे, आणि शेवटचे इतिवृत्त कोणत्या तारखेचे आहे, एवढे तीन प्रश्न प्रत्येक वाचकाने येत्या पौर्णिमेला सभेत उभे राहून विचारावेत. उत्तर मिळाले तर आनंद आहे. न मिळाले, तर त्याच बैठकीपासून शिक्षणाला प्रारंभ करावा.