फॉस्फरसचा जोड आणि पेटंटचे कुलूप

सरकारी एआरटी केंद्रात एचआयव्हीबाधितांना रोज घ्यायची जी एक गोळी सर्वसाधारणपणे मोफत मिळते, तिच्यात तीन औषधे असतात. त्यांतले एक टेनोफोविर. त्याची पाळेमुळे साम्यवादी राजवटीतल्या प्रागमध्ये सापडतात.

न्यूक्लिओटाइड म्हणजे डीएनएच्या साखळीतली एकेक कडी. तिच्यात फॉस्फरस हा ऑक्सिजनमार्फत शर्करेला जोडलेला असतो. अशी कडी औषध म्हणून दिली, तर शरीरातली विकरे तो जोड लगेच तोडतात. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ अन्तोनिन होली यांनी फॉस्फरस थेट कार्बनला जोडला. हा जोड विकरांना तुटत नाही. बेल्जियमचे एरिक द क्लेर्क यांनी अशा रेणूंची विषाणूंवर परीक्षा घेतली आणि १९८६ मध्ये या कुळातल्या पहिल्या रेणूची माहिती प्रसिद्ध झाली. टेनोफोविर त्यानंतरचे. विषाणू ही नकली कडी खरी समजून आपल्या साखळीत ओवतो, पण तिला पुढची कडी अडकवायला जागाच नसते. साखळी तिथेच खुंटते.

अडचण एकच होती. विद्युतभारामुळे हा रेणू आतड्यातून नीट शोषला जात नसे. अमेरिकेच्या गिलीड कंपनीने फॉस्फरसवर एक रासायनिक आवरण चढवले आणि २००१ मध्ये गोळीला तिथे मान्यता मिळाली. (एप्रिल २०२१ मध्ये ज्यासाठी आपण औषधदुकानांपुढे रांगा लावल्या, ते रेमडेसिविरही असेच फॉस्फरस झाकलेले. त्याच्या उपयोगाविषयी जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच शंका घेतली होती, हा भाग निराळा.)

भारतातला वाद या आवरणावरून पेटला. ज्ञात औषधाचे नवे रूप म्हणजे नवा शोध नव्हे, अशी हरकत सिप्लाबरोबर एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनीही घेतली. २००९ मध्ये पेटंट कार्यालयाने गिलीडचे अर्ज फेटाळले. भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांना वाट मोकळी झाली. त्या आफ्रिकेतही गेल्या.

मार्च २०२४ मध्ये मात्र केंद्र सरकारने नियम बदलले. पेटंट मिळण्यापूर्वीची हरकत पूर्वी कोणालाही विनाशुल्क घेता येई. आता शुल्क भरावे लागते आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही, हे अधिकारी आधी ठरवतो. क्षुल्लक हरकतींनी अर्ज रखडतात, ही कंपन्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. पण कंपनीला हे शुल्क जाणवणारही नाही. वर्गणीवर चालणाऱ्या रुग्णसंघटनेला ते जाणवते आणि पहिल्याच पायरीवर वकीलही शोधावा लागतो.